पानात बसवलेले सूर्यघड्याळ

शिक्षकांसाठी निघणाऱ्या विज्ञानपुस्तिकांची परीक्षणे आपल्याकडे होतात, पण ती बहुतेक मजकुराची असतात. प्रयोग नवे आहेत का, भाषा सोपी आहे का, साहित्य खेड्यात मिळेल का, एवढे पाहिले जाते. पुस्तिकेचे पान कसे लावले आहे याबद्दल शेवटी एक वाक्य येते : "छपाई सुबक व मुखपृष्ठ आकर्षक." आमच्या मते प्रयोगपुस्तिकेच्या बाबतीत हे वाक्य म्हणजे परीक्षण टाळण्याचा सभ्य मार्ग आहे. कवितेचे पान वाईट लागले तर डोळ्यांना त्रास होतो, पण कविता तीच राहते. प्रयोगपुस्तिकेचे पान वाईट लागले तर प्रयोगच बदलतो. हे आम्हाला आमच्याच एका पुस्तिकेने शिकवले, तेव्हा झोडपायला सुरुवातही तिच्यापासूनच करू.

साल २००४. आम्ही तेव्हा पीएच.डी.चे काम करत होतो आणि उरल्या वेळात शाळांसाठी सावलीच्या प्रयोगांची एक बत्तीस पानी पुस्तिका लिहिली होती. पाने लावून घ्यायला गेलो ते गिरगावात, फणसवाडीत. बालाजीच्या देवळाच्या पुढे, एका चाळीच्या तळमजल्यावर दोन संगणक, एक लेझर प्रिंटर आणि भिंतभर लग्नपत्रिकांचे नमुने अशी ती खोली. सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, मुंजीची निमंत्रणे, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका असा तिथला व्यवसाय. संगणकावर बसणारा मुलगा हाताला विलक्षण हुशार होता. कळफलकाकडे न बघता मराठी टंकायचा, आणि 'पेजमेकर' त्याच्या बोटांवर खेळायचा.

पुस्तिकेत मुंबईच्या अक्षांशासाठी, म्हणजे १९ अंशांसाठी, आडव्या सूर्यघड्याळाचा आराखडा होता. कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा, त्रिकोणी शंकू मध्यान्हरेषेवर उभा करायचा, आणि सावली कोणत्या तासरेषेवर पडते ते पाहायचे. आमची आकृती पानापेक्षा रुंद निघाली. मुलाने आकृतीच्या उजव्या कडेची मूठ माउसने धरली आणि आत ढकलली. आकृती पानात नेमकी बसली. आम्ही शेजारीच उभे होतो, आणि आम्हाला आनंद झाला. मुद्रितावर आम्हीच सही केली.

पुढच्या वर्षी रायगड जिल्ह्यातल्या एका बाईंचे पत्र आले. एप्रिलच्या मध्यात, परीक्षा आटोपल्यावर, त्यांनी सातवीच्या मुलांकडून घड्याळ करून घेतले होते. शंकूचा कोन पुस्तिकेवर विसंबून न राहता त्यांनी कोनमापकाने १९ अंशांचा काढला होता. तरीही सकाळी सावली नवाच्या रेषेवर आली तेव्हा मनगटावर दहा वाजून चार मिनिटे झाली होती. दुपारी सावली तीनच्या रेषेवर आली तेव्हा तीन वाजून चौदा मिनिटे. मध्यान्ह मात्र बरोबर, म्हणजे साडेबारा वाजून नऊ मिनिटांच्या आसपास. तीन दिवस करून पाहिले, तेच आले. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते : बहुधा माझी उत्तर दिशा चुकली असावी, मुलांना काय सांगू?

त्यांची उत्तर दिशा चुकलेली नव्हती. ती चुकली असती तर मध्यान्हही बिघडले असते. मुंबईच्या परिसरातली सूर्याची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असते. याच हिशेबाची 'मुंबई वेळ' या शहराने १९५५ पर्यंत सांभाळली होती. एप्रिलच्या मध्यात दुसरी कसलीच दुरुस्ती लागत नाही, म्हणजे सकाळ-दुपार सारखाच ३९ मिनिटांचा फरक दिसायला हवा. बाईंना दिसला तो सकाळी ६४ आणि दुपारी १४. दोहोंची सरासरी बरोबर ३९. म्हणजे घड्याळ सकाळी २५ मिनिटे मागे आणि दुपारी तितकेच पुढे होते.

आम्ही पुस्तिका आणि कोनमापक घेऊन बसलो. १९ अंशांच्या घड्याळात तीनची रेषा मध्यान्हरेषेपासून सुमारे १८ अंशांवर हवी. छापील पानावर ती साडेचौदा अंशांवर होती. आकृतीची उंची होती तशीच राहिली होती आणि रुंदी चार-पंचमांश झाली होती. साऱ्या तासरेषा मध्यान्हरेषेकडे सरकल्या होत्या. फक्त मध्यान्हरेषा, उभी असल्यामुळे, जागच्या जागी होती. गणित केले तर या पानावरची 'तीन'ची रेषा खरे तर दोन वाजून पस्तीस मिनिटांची निघते. गंमत अशी की दुपारी हे बिघडलेले घड्याळ मनगटी घड्याळाच्या अधिक जवळ येते. ज्यांनी फक्त दुपारच्या तासाला प्रयोग केला त्यांना ते उत्तम चालते असेच वाटले असणार. आणि ज्यांनी पानावर छापलेला शंकूचा त्रिकोण कापून वापरला त्यांचा कोन १९ अंशांचा न राहता २३.३ अंशांचा झाला. तो भोपाळच्या अक्षांशाला शोभतो.

सही आमची होती, तेव्हा दोष त्या मुलाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. लग्नपत्रिकेवरचा गणपती पाचव्या हिश्श्याने बारीक झाला तर कोणाची तक्रार नसते. 'शिफ्ट'ची कळ दाबून आकृती ओढली तर दोन्ही दिशांनी सारखी लहान होते, हे त्यालाही ठाऊक होते. तसे करायला हवे होते हे ठाऊक असण्याचे कारण त्याला नव्हते. ते आम्हाला होते.

खरी गोष्ट अशी की हा अपघात जुन्या छापखान्यात घडणे कठीण होते. गिरगाव आणि त्याच्या आसपासचा हा भाग मराठी मुद्रणाचे माहेर म्हणावा असा. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ पासून काळबादेवीच्या बाजूला नावारूपाला आला. पुढे खटाववाडीत मौज प्रिंटिंग ब्यूरो. खिळे जुळवण्याच्या त्या काळात आकृतीचा जस्ताचा ठसा करावा लागे. ठसा करणारा मूळ चित्र कॅमेऱ्यातून लहान करी, ते उंची-रुंदी दोन्हीकडून सारखेच. एकदा ठसा झाला की तो फर्म्यात बसो वा न बसो, कोणी दाबून अरुंद करू शकत नसे. धातूच चूक करू देत नव्हता. त्यातून जुळारी आणि मुद्रितशोधक अशी दोन माणसे लेखक आणि कागद यांच्या मध्ये उभी असत.

पण म्हणून आम्ही खिळ्यांच्या आठवणीने उसासे टाकणार नाही. ठसे महाग पडत, म्हणून आकृत्या कमी असत आणि कित्येकदा पुस्तकाच्या शेवटी एकत्र कोंबलेल्या असत. आमच्या लहानपणी हाती आलेल्या प्रयोगांच्या जुन्या पुस्तकांत 'आकृती १४ पाहा' असे वाचून दहा पाने उलटावी लागत. अमेरिकेतल्या आल्डस कंपनीचा पेजमेकर १९८५ साली आला. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्दही तिचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांचाच. मॅकिंटॉश संगणक, पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि लेझर प्रिंटर यांची जोड मिळाल्यावर एका टेबलावर पान तयार होऊ लागले. ज्याच्याजवळ छापखाना नाही अशा शिक्षकालाही आकृती हवी तिथे, वाक्याला खेटून, जादा खर्चाशिवाय ठेवता येऊ लागली. गॅलिलिओने १६१३ साली सूर्यावरील डागांवरच्या पुस्तकात शनीचे चिमुकले चित्र चक्क वाक्याच्या ओळीत, एखाद्या शब्दासारखे छापून घेतले होते. पेजमेकरमुळे ती चैन चाळीच्या तळमजल्यावर आली.

त्या स्वातंत्र्याचे आपण काय केले, हा खरा परीक्षणाचा प्रश्न. गेल्या सुट्टीत नव्वदच्या दशकापासून आजपर्यंतच्या वीसेक मराठी प्रयोगपुस्तिका आम्ही टेबलावर मांडल्या आणि वाचल्या. आरामखुर्चीत बसून नव्हे, तर एका हातात परीक्षानळी आहे अशा बेताने. निराशा झाली. आकृती शब्दाजवळ आणण्याची सोय हाताशी असताना निम्म्याहून अधिक पुस्तिकांत ती पान उलटल्यावर येते. ओल्या हाताने पान उलटणे काय असते हे पान लावणाऱ्याने अनुभवलेले नसते. कृतीच्या पाच पायऱ्यांपैकी तीन उजव्या पानावर आणि दोन त्याच्या मागे. प्रत्येक प्रयोग समोरासमोरच्या दोन पानांत संपवायचा, एवढा एकच नियम पाळला असता तरी अर्धी तक्रार मिटली असती. अरविंद गुप्ता यांची खेळण्यांची पुस्तके पाहा. तिथे कृती आणि चित्र एकाच नजरेत येतात, आणि चित्र साध्या काळ्या रेषेचे असल्यामुळे झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी वाचता येते. आमच्या टेबलावरच्या पुस्तिकांत मजकुराखाली करड्या रंगाची पट्टी देण्याची हौस फार. शाळेतल्या झेरॉक्स यंत्रातून दुसऱ्यांदा निघाली की त्या पट्टीचा डांबराचा डाग होतो, आणि त्या पट्टीत नेमकी 'सूचना' असते.

आणखी एक गोष्ट पानांच्या संख्येची. मध्ये टाचण मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात. छापखान्याला तर आठ किंवा सोळा पानांचा फर्मा सोयीचा. मजकूर चौतीस पानांचा झाला की तो बत्तिसात बसवतात. काय कापायचे ते लेखकाला विचारले जात नाही, किंवा विचारले तर फोनवर, घाईने. एका पुस्तिकेत सौम्य आम्ल तयार करण्याची कृती बाराव्या पानावर आहे, आणि आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, ही ओळ तिसाव्या पानावरच्या 'काही दक्षता' या चौकटीत. जागा वाचली खरी. तेराव्या पानावर मात्र टोपी घातलेल्या, हसऱ्या चंबूचे चित्र पाव पान अडवून बसले आहे.

मराठीची अडचण वेगळी आणि अधिक खोल. पेजमेकर रोमन लिपीसाठी घडलेला. अक्षराच्या मापाच्या १२० टक्के अंतर दोन ओळींत आपोआप सोडायचे हा त्याचा शिरस्ता. रोमनला तो पुरतो. आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, मात्रा, अनुस्वार एकमेकांत अडकतात. ज्याने हे अंतर हाताने वाढवले त्याची पुस्तिका वाचवते. बऱ्याच जणांनी वाढवले नाही, कारण मग पाने वाढतात आणि पुन्हा तो फर्मा आडवा येतो.

श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम यांनी मराठीला संगणकावर आणले, त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्या काळातल्या फाँटमध्ये अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत आणि प्रत्येकाची बैठक निराळी. १९९१ साली इस्की हे भारतीय मानक ठरले, तरी पानावर राज्य फाँटचेच राहिले. संगणकाला 'पाणी' हा शब्द दिसतच नव्हता, दिसत होती ती रोमन अक्षरांची आणि खुणांची एक निरर्थक रांग. त्यामुळे शुद्धलेखन तपासणी नाही, शब्दसूची नाही, आणि परिच्छेद निवडून फाँट बदलला की आत दडलेली चिन्हे बदलली. यातले सर्वांत भयंकर उदाहरण मायक्रोचे. 'सिम्बॉल' नावाच्या फाँटमध्ये ग्रीक म्यू हे अक्षर इंग्रजी एमच्या कळीवर आहे. त्या शब्दाचा फाँट चुकून साधा इंग्रजी झाला की म्यूचा एम होतो आणि मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम. हजारपट. पान मात्र अतिशय सुबक दिसते. खिळ्यांच्या काळातली चूक उलट्या अक्षरासारखी डोळ्यात तरी भरायची. ही चूक सभ्य कपड्यांत येते. म्हणून शिक्षकांच्या पुस्तिकेत आम्ही आता 'मायक्रोग्रॅम' अक्षरी लिहितो. जागा जाते, जाऊ दे.

आकृत्यांकडे पुन्हा एकदा वळतो, कारण तिथे शिक्षकाला स्वतःला तपासता येण्यासारखे पुष्कळ आहे. आकृती दोन्ही दिशांनी सारखी लहान केली तर कोन तसेच राहतात, लांब्या बदलतात. म्हणून पुस्तिकेतून कापून घ्यायचा कागदी कोनमापक लहान झाला तरी खरा राहतो, पण कागदी मोजपट्टी खोटी ठरते. एकाच दिशेने दाबली तर दोन्ही खोटे. सूक्ष्मदर्शकातल्या चित्राखाली '४० पट मोठे' असे लिहिले आणि पान लावताना चित्र पाऊण केले, तर ते आता ३० पट आहे. खालची ओळ मात्र ४० म्हणत राहते. त्याऐवजी चित्राच्या आतच 'एवढी लांबी म्हणजे एक दशांश मिलिमीटर' अशी छोटी रेघ काढली, तर ती चित्राबरोबरच लहान-मोठी होते आणि कधी खोटे बोलत नाही. आमच्या टेबलावरच्या वीसांपैकी फक्त दोन पुस्तिकांत अशी रेघ सापडली. पेशीच्या चित्राखाली '४०० पट' लिहिणाऱ्या एका पुस्तिकेत तेच चित्र मुखपृष्ठावर तिप्पट मोठे आहे, आणि तिथेही '४०० पट' हे शब्द त्याच्याबरोबर दिमाखात गेले आहेत.

२०१९ साली आमची सावलीची पुस्तिका दुरुस्त करून पुन्हा काढावी असे ठरले. मूळ फाइल एका सीडीवर जपून ठेवली होती, पण ती उघडायची कशात? पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ साली निघाली. आल्डस कंपनी १९९४ सालीच ॲडोबीत विलीन झाली होती आणि ॲडोबीने पुढे सारे लक्ष इनडिझाइनवर दिले. इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडत. नंतरच्यांत ती सोय राहिली नाही. ओळखीच्या एकाकडे जुना संगणक सापडला, तिथे फाइल उघडली, पण तो फाँट नव्हता. बत्तीस पाने रोमन अक्षरांच्या कचऱ्याने भरलेली. चित्रे तेवढी जागच्या जागी, आणि त्यात ते आखडलेले सूर्यघड्याळही. शेवटी छापील प्रत समोर ठेवून सारे पुन्हा टंकले. नव्वदच्या दशकात शिक्षकांनी, शिक्षकगटांनी काढलेल्या किती पुस्तिका अशा बंद फाइलींत पडून असतील याची कल्पना करवत नाही. छापील प्रत वाळवीने खाल्ली तर उरलेले पान निदान वाचता येते.

या वेळी काम युनिकोडमध्ये केले. आता 'पाणी' हा शब्द संगणकाला 'पाणी' म्हणूनच कळतो आणि फाँट बदलला तरी शब्द मरत नाही. विंडोज २००० बरोबर आलेला र. कृ. जोशी यांचा 'मंगल' हा फाँट त्या वाटेवरचा मोठा टप्पा. सुरुवातीची पाने लिब्रेऑफिसमध्ये, फुकटात, आमच्याच घरी लागली. फणसवाडीतल्या त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरे मिळतात. आम्ही मुद्दाम जाऊन पाहिले. एका जुन्या लग्नपत्रिकेचा चिकटवलेला कोपरा अजून भिंतीवर आहे.

पण मूठ धरून आकृती ओढण्याची सोय प्रत्येक नव्या साधनात आहेच, आणि आता तिच्या जोडीला दुसरी आली आहे. पुस्तिका पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवरून शाळेत पोहोचते. शाळेतला प्रिंटर ती 'पानात बसवून' छापतो, म्हणजे न सांगता काही टक्क्यांनी लहान करतो. छापण्याच्या चौकटीत 'मूळ आकार' असा पर्याय असतो, तो कोणी निवडत नाही. म्हणून आराखडा असलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आम्ही काटकोनातल्या दोन रेघा काढल्या, एक आडवी आणि एक उभी, आणि खाली लिहिले : दोन्ही रेघा मोजा, प्रत्येकी १० सेंमी भरली पाहिजे. शिवणाच्या नमुन्यांत असा चौकोन असतो. आम्ही तिथूनच उचलला. दोन रेघा असमान भरल्या तर पान दाबले गेले आहे, ते टाकून द्यावे. दोन्ही सारख्याच कमी भरल्या तर कोनांची कामे करावीत, लांबीची करू नयेत.

नवी पुस्तिका २०२१ साली आम्ही रायगडच्या त्या शाळेत पाठवली, सोबत एवढ्या वर्षांनी उत्तराचे आणि क्षमेचे पत्र. बाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या सरांचा फोन आला. शाळेच्या प्रिंटरवर दोन्ही रेघा ९ सेंमी ६ मिमी भरल्या होत्या, सूर्यघड्याळ करावे की नको असे ते विचारत होते. आम्ही म्हटले, जरूर करा, फक्त अकराव्या पानावरची कागदी मोजपट्टी वापरू नका. ते म्हणाले, ती मुलांनी कालच खोडली.